स्टेजवर शरद कुठे बसलाय ते बघा

परवा 'द डिसायपल' चौथ्यांदा बघितला, यावेळी वही घेऊन. झालं असं की मागच्या खेपेला माझा मावसभाऊ सोबत होता, पिक्चर संपला, नावं वर सरकायला लागली आणि तो म्हणाला, "ताई, छान आहे गं सगळं, पण यात होतं काय?" आणि मी सांगायला गेले तर एकच वाक्य बाहेर आलं, की एक मुलगा शास्त्रीय गाणं शिकतो, जीव तोडून मेहनत करतो आणि तरी मोठा गायक होत नाही. तो म्हणाला, एवढं तर मलाही कळलं. तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं, कारण प्रश्न बरोबर होता त्याचा. एका वाक्यात संपणारी गोष्ट असेल तर मी दोन तासांहून जास्त वेळ जागची हलले कशी नाही? काहीतरी घडत होतं ना समोर, मग ते नक्की कुठे घडत होतं हे शोधायचं म्हणून वही.

(बघितला नसेल तर आधी बघा, कारण पुढे मी शेवटासकट सगळं सांगणारे.)

चैतन्य ताम्हाणेचा हा पिक्चर 2020 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता, 'मॉन्सून वेडिंग' 2001 मध्ये तिथे गेला होता त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी भारतातला एखादा पिक्चर त्या स्पर्धेत पोचला, आणि तिथे त्याला बक्षीस मिळालं ते पटकथेचं. म्हणजे एकीकडे लोक म्हणतात यात कथाच नाही आणि दुसरीकडे पटकथेला बक्षीस. मला दोन्ही लोकांचं म्हणणं समजतं. कथा आहे, पण ती आपण जिथे शोधायला जातो तिथे ठेवलेलीच नाहीये.

आपण कुठे शोधतो? गाणाऱ्या माणसावरचा पिक्चर म्हटलं की एक ठरलेली वाट असते. लहानपणी गुण दिसतात, कोणीतरी ओळखतं, मग घरचा विरोध किंवा गरिबी किंवा दारू, मग एकदम सगळं संपल्यासारखं वाटतं आणि मग शेवटी एक मैफल, भरलेलं सभागृह, डोळ्यात पाणी. यात वाईट काही नाही, मी अशा पिक्चरना भरपूर रडलेय. 'कट्यार काळजात घुसली' घ्या, मूळ नाटक 1967 चं, दारव्हेकरांचं, आणि 2015 मध्ये सुबोध भावेनी पिक्चर केला. त्याचं कथानक म्हणजे अगदी घट्ट विणलेलं आहे, दोन गायक, एक स्पर्धा, हरणाऱ्याची जळजळ, पंडितजींचा आवाज जाणं, मग शिष्याचं येणं, आणि प्रत्येक गाणं कथेला एक पायरी वर नेतं. गाण्यात हारजीत आहे म्हणून गाणं म्हणजेच घटना. किंवा 2022 चा 'मी वसंतराव' घ्या, तिथे वाट बघणं आहे, वर्षानुवर्षं नोकरी आणि गाणं दोन्ही ओढणं आहे, पण ती वाट कुठेतरी पोचते कारण वसंतराव देशपांडे पोचले हे आपल्याला थिएटरात शिरायच्या आधीच माहीत असतं. आपण निवांत असतो. दुःख बघतो पण निवांत.

'द डिसायपल'मध्ये ती हमी काढून घेतलीये. शरद नेरुळकर नावाचा कोणी गायक आपण ऐकलेला नाही. त्यामुळे पहिल्या सीनपासून आपण त्याच्याइतकेच अंधारात, हा होणारे का मोठा? आणि पिक्चर याचं उत्तर कधी एका सीनमध्ये देतच नाही, ते झिरपत झिरपत येतं, आणि कधी आलं ते नंतर आठवायला गेलं तरी सापडत नाही. मी वहीत तेच शोधत होते.

आधी मी घटना लिहायला गेले, याने हे केलं मग ते झालं, असं. पानभर लिहिलं आणि काहीच हाती लागेना. मग दुसऱ्या पानावर फक्त एवढंच लिहिलं की प्रत्येक मैफलीच्या सीनमध्ये शरद कुठे बसलाय. आणि तिथे मला प्लॉट सापडला.

पहिला सीन. गुरुजी गातायत आणि शरद मागे बसून तानपुरा धरतोय. साल 2006, वय चोवीस. कॅमेरा हळूहळू, इतका हळू की आधी कळतही नाही, शरदकडे सरकत जातो. गाणारा माणूस पुढे आहे आणि गोष्ट मागच्याची आहे हे एक शब्द न बोलता सांगून होतं. मी मध्यमा पूर्णपर्यंत (शास्त्रीय गाण्याची एक परीक्षा) गाणं शिकले, मग सुटलं, पण त्या काळात बाईंच्या मागे तानपुऱ्याला दोन-तीनदा बसलेय, त्यामुळे हा सीन मला फार आतून कळतो. तिथून गुरूंचा चेहरा दिसत नाही. मान दिसते, कानामागे साचलेला घाम दिसतो, आणि खांदा दिसतो. अवघड जागा यायच्या आधी खांदा किंचित उचलला जातो, मग आवाज येतो, म्हणजे समोरच्या लोकांना जे ऐकू येणारे ते तुम्हाला अर्धा क्षण आधी दिसतं. मधल्या बोटाने पहिली तार, मग पहिल्या बोटाने जोडीच्या दोन आणि खर्ज, परत पहिली, हे तासभर थांबवायचं नाही, लय धरायची नाही तालाशी आणि सोडायचीही नाही, बोटाचं टोक झोंबायला लागतं. आणि समोर सगळे प्रेक्षक स्वच्छ दिसतात. लोकांची मान कशी डोलते, कोणाचे डोळे मिटतात. तिथे बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की हे एक दिवस माझ्याकडे बघून होणारे. शरदच्या चेहऱ्यावर नेमकं हेच आहे, भक्ती पण आहे आणि भूक पण.

दुसरी जागा म्हणजे स्पर्धा. आता तो पुढे आहे, एकटा, गातोय. निकाल जाहीर होतो आणि त्याचं नाव येत नाही. साचेबद्ध पिक्चरमध्ये हा पहिला पराभव असता, ज्यानंतर नायक पेटून उठतो आणि रियाजाचा एक जोरदार मोंताज येतो. इथे तो आधीपासूनच पेटलेला आहे! याहून जास्त मेहनत काय करणार तो? लग्न नको, नीट नोकरी नको, आजीशी खोटं बोलतो, गुरुजींची सेवा करतो, रात्ररात्र बसतो. म्हणजे पराभवातून नवीन काही सुरूच होऊ शकत नाही. मला वाटतं या पटकथेतली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच आहे, की नायकाकडे मेहनत आधीच शंभर टक्के देऊन ठेवलीये. मेहनत कमी पडली हे कारण लेखकानं स्वतःच काढून टाकलं. आता उरतं ते कारण कोणालाच मोठ्यानं बोलवत नाही.

तिसरी जागा बऱ्याच वर्षांनंतरची, तो पुढे बसलाय, स्वतःची मैफल. आणि चौथी जिथे तो गाता गाता थांबतो आणि उठून जातो. पाचवी जागा स्टेजच नाहीये, लोकल ट्रेनचा डबा आहे, तिथे येते मी शेवटी.

तर मागे, पुढे, पुढे, उठून बाहेर, आणि मग समोरच्या बाकावर. एवढाच प्लॉट आहे. एका माणसाचं स्टेजच्या मागच्या कोपऱ्यातून पुढे येणं आणि पुढे आल्यावर त्याला कळणं की इथे आल्यावर जे व्हायचं होतं ते होत नाहीये. मावसभावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "हां, मग असं सांग ना."

आता बाकीच्या गोष्टी या कण्याला कशा लावल्यात ते बघू, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

माईंचा आवाज. रात्रीची मुंबई, रिकामा रस्ता, शरद मोटरसायकलवर, स्लो मोशन, कानात हेडफोन आणि त्यात माईंच्या जुन्या टेप. माई म्हणजे गुरुजींच्याही गुरू. त्यांनी कधी गाणं रेकॉर्ड करू दिलं नाही, फक्त ही भाषणं राहिलीत. त्या सांगतात की हे गाणं म्हणजे साधना आहे, या वाटेवर यायचं तर एकटं आणि उपाशी राहायला शिकावं लागेल. आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. पिक्चर नेटफ्लिक्सवर आला 30 एप्रिल 2021 ला आणि त्या गेल्या 19 एप्रिलला, त्यामुळे मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तो आवाज ऐकणं फार जड गेलं होतं.

पण रचनेच्या बाजूने बघा. या सीनमध्ये काहीच घडत नाही, गाडी चालतेय आणि आवाज येतोय, आणि तरी ते परत परत येतात. पहिल्यांदा बघताना मला वाटलं की हे निवेदन आहे, पिक्चरचं स्वतःचं मत आहे, माई बोलतात ते खरं. इतका शांत आवाज, खाली तानपुरा, आपण शंका घेतच नाही. शरदही घेत नाही. आणि इथे लेखकानं एक फार हुशार गोष्ट केलीये की माईंचं गाणं आपल्याला एकदाही ऐकवलेलं नाही, त्या दिसतही नाहीत. ज्या उंचीकडे बघून शरद आयुष्य घालवतोय ती उंची कधी मोजताच येणार नाही अशी ठेवलीये. एक तान जरी ऐकवली असती तरी आपण म्हटलं असतं हां छान आहे किंवा ठीक आहे, पण ऐकवलीच नाही, म्हणून ती आपल्याही डोक्यात वाढत जाते.

आणि मग पिक्चर बराच पुढे गेल्यावर तो बारमधला सीन येतो. जुन्या रेकॉर्डिंगचा मोठा संग्रह असलेला एक जाणकार माणूस समोर बसलाय आणि तो अगदी सहज, पिता पिता, माईंबद्दल आणि शरद ज्यांना देव मानतो त्या लोकांबद्दल असं असं बोलायला लागतो की शरद शेवटी ग्लासातलं त्याच्या तोंडावर फेकतो. पहिल्यांदा मला वाटलं तो माणूस दुष्ट आहे. दुसऱ्यांदा बघितल्यावर जाणवलं की तो खोटं बोलतोय की खरं हे पिक्चर सांगतच नाही, आणि सांगायची गरजही नाही, कारण तिथे मोडतं ते वेगळंच काहीतरी. आत्तापर्यंत जो आवाज वरून, कुठूनतरी अधांतरी येत होता तो एकदम एका बाईचा आवाज होतो, हाडामासाच्या, राग लोभ असलेल्या बाईचा. कथेच्या निवेदकालाच मधेच खाली उतरवलं. मला विचाराल तर पिक्चरचा कळसाचा सीन हा आहे, स्टेजवरून उठून जाण्याचा नाही. उठून जाणं हे नंतर आपोआप होणारं आहे, त्याला वेळ लागतो एवढंच. म्हणून मला तो स्टेजवरचा सीन इतका छोटा ठेवलेला बरोबर वाटतो, त्यात ना भाषण ना रडणं. जो निर्णय आत होऊन गेलाय तो फक्त बाहेर दिसतो.

आता मधली उडी. 2006 वरून आपण एकदम दहा-बारा वर्षं पुढे जातो. शरदला मिशी आलीये, वजन वाढलंय, शाळेत गाणं शिकवतोय. ही उडी इतक्या साधेपणानं येते की पहिल्या वेळी मला क्षणभर कळलंच नाही की हा तोच आहे. आणि मला वाटतं की जी वळणं आपण शोधतो ना, ती सगळी या फटीत पडलीयेत. तो किती वेळा हरला, कधी पहिल्यांदा मनात आलं की आपल्याच्यानं होणार नाही, नोकरी कधी धरली, हे सगळं त्या एका कटमध्ये. दुसऱ्या कोणी केला असता तर या दहा वर्षांवरच पिक्चर केला असता. पण अशी माणसं मी जवळून बघितलीयेत, आमच्या क्लासमधलेच दोघंतिघं, आणि त्यांना विचारलं की तू गाणं कधी सोडलंस तर तारीख सांगता येत नाही कोणालाच. मलाही येत नाही. एक दिवस तानपुऱ्याला गवसणी घातली आणि ती परत काढली नाही, पण घातली त्या दिवशी हे माहीत नव्हतं. तर तो कट मला खोटा वाटत नाही, उलट त्याहून खरं काही दाखवताच आलं नसतं.

या उडीनंतर एक सीन आहे, विद्यार्थ्याची आई येते आणि विचारते की मुलाला कॉलेजच्या बँडमध्ये गायचंय, फ्यूजन आहे, जाऊ दे का. शरद तिला इतकं तोडून बोलतो की बघवत नाही. जाऊ दे, पण मग परत इथे पाठवू नका, असं काहीतरी. पूर्वार्धात जे माईंचं तत्त्व होतं, जे ऐकून आपलेही रोम उभे राहिले होते, तेच इथे एका दमलेल्या मास्तरच्या तोंडून आलंय आणि एकदम कडू लागतंय. शब्द तेच, माणूस वेगळा. याला मी म्हणेन जुळणी. नुसतं आधी पिस्तूल दाखवलं आणि नंतर झाडलं अशी जुळणी सोपी असते, इथे एक वाक्य तेच ठेवून त्याच्याखालची जमीन बदललीये.

अशीच आणखी एक जुळणी आहे जी मला चौथ्या खेपेला दिसली, इतका उशीर लागला. पूर्वार्धात शरद पोटापाण्यासाठी एकाकडे काम करतो, जुनी दुर्मिळ रेकॉर्डिंग डिजिटल करायची, सीडी करायच्या आणि विकायच्या. तेव्हा ते आपल्याला तात्पुरतं वाटतं, खरं काम गाणं, हे मधलं काहीतरी. आणि शेवटी तो स्टेज सोडतो तेव्हा त्याच्या हातात उरतं हेच काम, जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगचंच. म्हणजे शेवट सुरुवातीलाच टेबलावर ठेवलेला होता, फक्त आपण त्याला बाजूचा तपशील समजत होतो. शरदही तेच समजत होता ना.

टीव्हीवरच्या मुलीचं काय करायचं हा प्रश्न मला बराच वेळ होता. एक गाण्याचा रिअॅलिटी शो चालू असतो, त्यात एक साधी मुलगी येते, साधे कपडे, छान गाते, परीक्षक थक्क होतात. काही वेळानं ती परत दिसते तेव्हा तिचा कायापालट झालेला असतो, मेकअप, नाच, सगळं. शरदशी तिची भेट होत नाही, कथेला तिचा धागा लागत नाही, मग कशाला ठेवलं? पहिल्यांदा मला ते बाजारू गाण्यावरची टीका वाटली आणि थोडी सोपी टीका वाटली. आता वेगळं वाटतं. मी वर जी ठरलेली वाट सांगितली ना, गुण दिसतात, कोणीतरी ओळखतं, झळकते, ती पूर्ण गोष्ट या मुलीची आहे! आपण जो पिक्चर बघायच्या अपेक्षेनं बसलेलो असतो तो इथे टीव्हीच्या चौकटीत दोन-चार तुकड्यांत उरकून टाकलाय. एका पिक्चरमध्ये दोन प्लॉट, एक भराभर वर जाणारा आणि एक हलतोय की नाही तेच न कळणारा, आणि वेगाचा फरक दिसावा म्हणून दोन्ही शेजारी ठेवलेत. तिचं चांगलं झालं की वाईट हेही पिक्चर ठरवत नाही. ती पण कुठेतरी हरवलीच, हे माझं वाटणं.

लोक म्हणतात पिक्चर संथ आहे. आहेच संथ. पण ज्यांनी बडा ख्याल, म्हणजे मैफलीतलं संथ लयीचं मुख्य गाणं, ऐकलाय त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. विलंबित (संथ) एकताल असतो बारा मात्रांचा, पण तो इतका ओढतात की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पूर्ण व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटही जातं. गाणारा षड्जाच्या आसपास फिरत राहतो, एक एक स्वर पुढे टाकतो, आणि प्रत्येक वेळी मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. नवीन माणसाला वाटतं की तीच ओळ किती वेळा म्हणतोय हा, आणि ऐकणाऱ्याला मात्र दिसत असतं की मागच्या वेळी गंधारापर्यंत गेला होता, यावेळी पंचमाला हात लावून आला. ताम्हाणेनं पिक्चर ख्यालासारखा बांधलाय असं तो म्हणाला की नाही हे मी सांगत नाहीये, माझं ऐकणं सांगतेय. मैफलीचे सीन मला समेसारखे लागतात. मोटरसायकल, वडिलांच्या आठवणी, गुरुजींचं घर, आजी, मोबाईलवर कमेंट वाचणं, हे सगळं फिरणं आणि मग परत स्टेज. आणि प्रत्येक वेळी स्टेजवर आलं की मोजायचं, कुठवर आला.

फरक एवढाच की ख्यालात नंतर द्रुत, म्हणजे जलद लय, येतं. छोटा ख्याल, तीनताल, ताना, तबला मोकळा सुटतो, ऐकणाऱ्याला हलकं करून सोडतात. इथे द्रुत येतच नाही. दोन तास विलंबित बांधलं आणि बंदिश तिथेच खाली ठेवली. मावसभावाला जे खटकलं ते बहुतेक हेच, आणि मी त्याला चूक म्हणणार नाही, कारण ती अस्वस्थता मुद्दाम दिलेली आहे. शरदलाही द्रुत मिळालेलं नाहीये.

सगळंच मला पटलं असं नाही. स्नेहा म्हणून त्याच्याबरोबर शिकणारी मुलगी आहे, चांगली गाते, शरदला ती आवडते हेही दिसतं, पण पुढे तो धागा हातातून सुटतो. तिचं गाणं त्याच्यापेक्षा वरचढ आहे हे तो स्वतःशी कबूल करतोय असा एखादा क्षण मला हवा होता, कारण गुरूनं नावं ठेवणं एक आणि शेजारी बसलेलीच्या गळ्यातून ते सहज निघताना ऐकणं दुसरं, जास्त खोल जातं ते. आणि त्याचं एकटेपण दाखवणारे रात्रीचे खोलीतले सीन, त्यातला एखादा कमी चालला असता, पहिल्यातच कळलं होतं.

वडिलांचे फ्लॅशबॅक मात्र एकही काढू नये. थोडेच आहेत. वडील स्वतः गाणारे, नाव न झालेले, मुलाला लहानपणापासून यात घालणारे. पिक्चर असं म्हणत नाही की वडिलांमुळे झालं सगळं, पण ते सीन जिथे ठेवलेत तिथे बघा, शरदला कुठेतरी ठेच लागली की त्याच्या आसपास कुठेतरी वडील येतात. त्याला जे हवंय ते त्याचं स्वतःचं आहे की वारशात आलेलं, हे त्यालाही माहीत नसावं. दोन पिढ्यांची एकच गोष्ट चाललीये आणि त्यातली पहिली आपण तुकड्यांत बघतोय, म्हणून दुसरीचा शेवट आपल्याला शरदच्या आधी दिसायला लागतो.

शरदचं काम केलंय आदित्य मोडकनं आणि गुरुजींचं अरुण द्रविड यांनी, दोघंही खरे गायक. हे रचनेसाठी पण महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. नट ओठ हलवत असता तर शरद बरा गातो पण थोर गात नाही हे दाखवायला कोणालातरी तोंडानं सांगावं लागलं असतं. इथे कानाला कळतं. स्वर लागलाय, तयारी आहे, सगळं जागच्या जागी आहे आणि तरी गुरुजींनी तीच जागा घेतली की आपण सरसावून बसतो. हा फरक एवढा बारीक ठेवलाय की जो गाणं रोज ऐकत नाही त्यालाही अंदाज येतो पण बोट ठेवता येत नाही, आणि शरदचं दुखणंही तेच ना, बोट ठेवता येत नाही.

आता ट्रेन. ताम्हाणेच्या आधीच्या 'कोर्ट'मध्ये पण त्यानं हेच केलं होतं, खटल्याचं काम थांबतं, न्यायालयाला सुट्टी लागते, सगळ्यांना वाटतं संपलं, आणि मग पिक्चर न्यायाधीशाबरोबर सहलीला जातो, तिथे तो बाकावर डुलकी घेतो आणि झोपमोड केली म्हणून एका पोराला थप्पड मारतो. मुख्य गोष्ट संपल्यावर एक बाजूचा वाटणारा सीन, आणि तोच घरी घेऊन जातो आपण.

इथे शरद बायको आणि छोट्या मुलीबरोबर लोकलमध्ये बसलाय. डब्यात एक भिकारी येतो, गात गात. कोणाचा शिष्य माहीत नाही, घराणं माहीत नाही, समोर बसलेल्यांपैकी बहुतेक लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. एकटा आणि उपाशी. आणि तो गातोय.

पहिल्या सीनमध्ये कोणीतरी गात होतं आणि शरद मागे बसून ऐकत होता, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे जात होता. शेवटच्या सीनमध्ये कोणीतरी गातंय आणि शरद बसून आहे. हातात तानपुरा नाही, मुलगी शेजारी. मी चार वेळा त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला आणि वहीत चार वेगवेगळे शब्द लिहिले आहेत, पहिल्यांदा आठवलं ते लाज, मग सुटका, मग हेवा. परवा लिहिलंय, ऐकतोय.